पुसलेल्या नोंदवहीची जागा

मोठ्या सरकारी कार्यालयातील शेदोनशे संगणक पुष्कळदा इंटरनेटशी थेट जोडलेले नसतात. त्यांची प्रत्येक मागणी एका मध्यस्थ यंत्रामार्फत बाहेर जाते व उत्तर त्याच वाटेने परत येते. या यंत्रास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. लिनक्स प्रणालीवर हे काम अनेक ठिकाणी स्क्विड नावाचा प्रोग्राम करतो; त्याची पहिली आवृत्ती १९९६ साली निघाली.

स्क्विड डिस्कवर मुख्यतः दोन गोष्टी ठेवतो : वारंवार मागितल्या जाणाऱ्या पानांचा साठा आणि कोणी, केव्हा, काय मागितले याची नोंदवही. डिस्क भरली की संशय प्रथम साठ्यावर जातो. तो बहुधा निराधार असतो. साठ्याला आखून दिलेली मर्यादा असते आणि मूळ मांडणीत तिचे ९० टक्के भरताच स्क्विड स्वतःच जुना माल काढू लागतो. शिवाय आज बहुतेक संकेतस्थळांचा व्यवहार कूटबद्ध स्वरूपात चालत असल्याने साठविण्याजोगे फारसे उरलेलेही नाही. नोंदवहीला मात्र अशी मर्यादा नाही. ठरावीक मुदतीने नवी वही घालून जुनी बाजूला ठेवण्याची व्यवस्था बंद पडली, की ती मुकाट्याने फुगत राहते. नोंद लिहावयास जागा उरली नाही, की स्क्विड पुष्कळदा कामच थांबवितो आणि सारे कार्यालय इंटरनेटवाचून बसते.

डिस्क ९८ टक्के भरलेली पाहून व्यवस्थापक घाईघाईने नोंदवहीची फाइल पुसून टाकतो व मोकळी जागा पुन्हा मोजतो. आकडा तोच! ‘डीयू’ ही आज्ञा फाइलींची बेरीज करते, तिला जागा सुटलेली दिसते. ‘डीएफ’ प्रत्यक्ष डिस्कचा हिशेब विचारते, तिला ती दिसत नाही. दोघीही खोटे बोलत नाहीत. युनिक्सच्या परंपरेत फाइलचे नाव आणि फाइलचा ऐवज या भिन्न वस्तू आहेत. पुसले जाते ते नाव. ज्या प्रोग्रामने फाइल उघडून धरली आहे, त्याने ती सोडीपर्यंत ऐवज जागच्या जागी राहतो. स्क्विड तर त्या निनावी वहीत लिहीतच असतो. ‘एलएसओएफ’ ही आज्ञा अशा फाइली दाखवून देते.

या टप्प्यावर वैतागलेला व्यवस्थापक यंत्रच बंद करून पुन्हा सुरू करतो. जागा सुटते, पण नोंदीही कायमच्या जातात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनाही आपल्या संगणक-व्यवस्थांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कार्यालयाच्या वाटेने कोणी गैरकृत्य केले, तर निरपराध कर्मचाऱ्याच्या बाजूची साक्ष याच वहीत असावयाची. म्हणून स्क्विड चालू असतानाच ‘प्रोक’ या निर्देशिकेत जावे. प्रत्येक चालू प्रोग्रामने उघडलेल्या फाइलींचे दुवे तेथे क्रमांकवार असतात. त्यांतून निनावी वहीची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येते. ती प्रत तपासून झाल्यावरच स्क्विडला नवी वही उघडण्याची, म्हणजे ‘रोटेट’ची, आज्ञा द्यावी. तो जुनी वही सोडतो, आणि ‘डीएफ’चा आकडा उतरतो.