लाल मातीतली माझी माणसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण ऐकलीत. त्यांच्यामागून कुस्तीसारखा विषय घेऊन उभे राहायला थोडे धाडस लागते. मी पैलवान नाही, हे माझ्या देहयष्टीकडे पाहून आपण ओळखलेच असेल. मी कला शाखेचा साधा पदवीधर. केंद्र सरकारच्या सेवेत माझे उभे आयुष्य फायलींच्या सहवासात गेले. परंतु कुणाला गाण्याचा, कुणाला बुद्धिबळाचा, तसा मला कुस्तीचा शौक आहे, आणि तो घरातूनच आला. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांतील बहुतेकांच्या ऐन उमेदीच्या कुस्त्या माझ्या जन्माआधीच्या किंवा बालपणीच्या. त्या मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या, पुढे वाचल्या आणि मनात जपल्या. शौकिनाची निवड ही न्यायाधीशाचा निकाल नव्हे. आपल्या आवडीचा एखादा मल्ल माझ्या यादीतून सुटला, तर तो माझ्या वेळेच्या मर्यादेत सुटला असे समजावे.

कुस्तीचा फड ज्यांनी पाहिला नाही अशी तरुण मंडळी येथे बरीच आहेत, म्हणून दोन शब्द सांगतो. आपल्या छत्तीसगढात नागपंचमीला ज्या दंगली होतात, त्यांचेच हे दक्षिण महाराष्ट्रातले भावंड. मधोमध लाल मातीचा हौदा. ती माती नुसती खणून टाकलेली नसते. चाळून घेऊन तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळतात, ती मऊ राखतात. हलगी कडाडू लागते, जोड ठरते, मल्ल मातीला हात लावून तो कपाळी नेतो आणि शड्डू ठोकतो. मातीवरच्या निकाली कुस्तीत गुणांचा हिशेब नाही. पाठ मातीला टेकली की निकाल लागला. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली याच खेळासाठी खुले केले. युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागृह त्यांनी पाहिले होते, त्याची प्रेरणा या गोलाकार मैदानामागे असल्याचे सांगतात. हजारो माणसांना कुठेही बसून हौदा दिसावा, अशी त्याची बांधणी आहे.

माझ्या यादीत पहिले नाव अर्थातच खाशाबा दादासाहेब जाधव यांचे. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरात कुस्ती होतीच. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. खाशाबांचा देह अवाढव्य नव्हता. त्यांचे बळ चपळाईत आणि डावपेचांत होते. त्यांची ढाक लागली की आपल्याहून वजनदार मल्लही उलटा होई. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. आयुष्य मातीत गेलेले, आणि तिथे लढायचे मॅटवर, परक्या नियमांनी. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

खरी कथा १९५२ ची, हेलसिंकीची. निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बंधुभगिनींनो, १९५२ सालचे सात हजार रुपये म्हणजे काय, हे आपल्यातील ज्येष्ठांना सांगायला नको. एका विद्यार्थ्याच्या मनगटावर विश्वास ठेवून एका शिक्षकाने आपल्या डोक्यावरचे छप्पर गहाण टाकले. हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांवर मात केली. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची पंधरा मिनिटांहून अधिक झुंज झाली. ती ते हरले आणि इशी पुढे सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्या थकवणाऱ्या कुस्तीपाठोपाठ लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या राशिद मामेदबेयोव यांच्याशी लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता; तो दाखवून हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. ती कुस्तीही गेली, आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या वाट्याला कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

मी स्वतः सरकारी अधिकारी आहे, म्हणून त्या रिकाम्या खुर्चीचा विचार माझ्या मनातून जात नाही. नियम पुस्तकात असतो. पण तो बोलून दाखवणारा माणूस जागेवर नसेल, तर त्या नियमाचा दुबळ्याला काही उपयोग नाही.

परत आल्यावर कराडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबांनी काय केले? त्यांनी कुस्तीची मैदाने घेतली, पैसा उभा केला आणि गुरूंचे घर सोडवून दिले. मला पदकापेक्षाही ही गोष्ट मोठी वाटते. पुढे ते पोलीस खात्यात लागले, सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात वारले. हयातीत त्यांना अर्जुन पुरस्कारही लाभला नाही. तो मरणोत्तर मिळाला. २०१० मध्ये दिल्लीच्या कुस्ती क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले.

याच हेलसिंकीत कोल्हापूरचे आणखी एक मल्ल होते, केशव माणगावे. फेदरवेट गटात ते चौथे आले. पदक एका पायरीने हुकले आणि त्यांचे नावही लोकांच्या ओठांवरून गेले. तिसरा आणि चौथा यांच्यात बळाचे अंतर फार थोडे असते. स्मरणाचे मात्र केवढे असते पाहा. म्हणून माझ्या यादीत माणगावे खाशाबांच्या शेजारीच बसतात.

त्यानंतर येते ती जोडी, जिच्या नावाने माझ्या बालपणी घरातली मोठी माणसे वाद घालीत: गणपतराव आंदळकर आणि मारुती माने. दोघेही सांगली जिल्ह्यातले. आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे, माने कवठेपिरानचे. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत या दोघांनी मिळून चार पदके आणली. आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य जिंकले. मान्यांनी बरोबर उलट, फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली धरायचे नाही, पाय लावायचा नाही. पट काढण्यात आणि टांग मारण्यात वाढलेल्या मल्लाला हात बांधून पोहायला सांगावे, तसा तो प्रकार. त्यात आमच्या मातीतल्या माणसांनी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, माने १९६४ चे. आंदळकर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही उतरले. दोघांत मोठे कोण, हा वाद आमच्या घरी कधी मिटला नाही, आणि मीही आज तो मिटवणार नाही. एवढेच सांगतो, की लंगोट उतरल्यावर आंदळकरांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्तादकी केली आणि पिढ्या घडवल्या. २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्यामागे पदकांपेक्षा शिष्यांची रांग मोठी होती.

आता माझ्या आवडीच्या एका बाजूकडे वळतो, जिचा आपल्या मंडळाशी जवळचा संबंध आहे. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे. १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला त्यांनी पराभूत केले. हे खंचनाळे मूळ बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. घडले कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत आणि अखेरपर्यंत, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, कोल्हापूरचेच होऊन राहिले. १९६७ आणि १९६८ असे दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले चंबा मुतनाळ हेही बेळगावकडचे. आणि १९६६ चा महाराष्ट्र केसरी कोण? दीनानाथ सिंह! उत्तर प्रदेशातून आलेला हा तरुण कोल्हापूरच्या तालमीत राहिला, तिथल्या मातीत घाम गाळला, आणि महाराष्ट्राने आपल्या राज्याच्या नावाची गदा त्याच्या खांद्यावर ठेवली. १९७१ मध्ये ते हिंदकेसरीही झाले. पुढे १९८० मध्ये इस्माईल शेख महाराष्ट्र केसरी झाले. त्या गदेने कुणाची बोली विचारली नाही, कुणाची जात वा धर्म विचारला नाही.

आपण रायपूरचे मराठी लोक. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलखात मराठी माणूस येत राहिला. कुणाचे पणजोबा कारकुनीला आले, कुणी रेल्वेत, कुणी शाळामास्तर म्हणून, कुणी माझ्यासारखे बदलीच्या हुकमाने. या भूमीने आपल्याला जागा दिली. आपल्या बैठकींत नेहमी एक प्रश्न निघतो: मुलांचे मराठीपण टिकेल का? प्रश्न रास्त आहे. पण दीनानाथ सिंहांची आठवण झाली की मला त्याच्या शेजारी दुसराही प्रश्न ठेवावासा वाटतो. कोल्हापूरने एका परमुलखातल्या मुलाला तालमीत खोली दिली, दूध-बदामाचा खुराक दिला आणि जिंकल्यावर खांद्यावर घेतले. पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने आपल्या वस्तीबाहेरच्या किती मुलांना आपले म्हटले?

आणखी दोन नावे घेऊन आवरतो. दादू चौगुले हे १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी, १९७३ चे रुस्तम-ए-हिंद आणि १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदकाचे मानकरी. दुसरे हरिश्चंद्र बिराजदार. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडसारख्या लहान गावातून, दुष्काळी मुलखातून आलेला हा मल्ल १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला आणि १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत सारे त्यांना 'मामा' म्हणू लागले. बीड जिल्ह्यातून आलेला राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली घडू लागला. मामा २०११ मध्ये वारले. राहुलला पुढे काका पवारांनी सांभाळले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने सुवर्ण मिळवले, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. एका वस्तादाने पेरले, दुसऱ्याने पाणी घातले, आणि पीक देशाने पाहिले.

कुणी म्हणेल, आता काळ मॅटचा आहे. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुणांचे फलक. खरे आहे. मातीची आठवण काढून मॅटला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. मॅटची तयारी नसल्यामुळेच आपले कित्येक बलदंड मल्ल जगापुढे गेले नाहीत. खाशाबांच्या पदकानंतर कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक यायला २००८ साल उजाडले, हे विसरून चालणार नाही. एक बदल तर मला फार आनंद देतो. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. ज्या तालमीच्या उंबऱ्यावर मुलींना पूर्वी थांबावे लागे, त्या उंबऱ्याच्या आत आता त्या शड्डू ठोकतात.

हौद्यात उतरताना मल्ल एकटा असतो. पण एकटा घडलेला एकही मल्ल माझ्या यादीत नाही. खाशाबांमागे गहाण पडलेले घर आहे, दीनानाथांमागे कोल्हापूरची तालीम आहे, राहुलमागे दोन वस्ताद आहेत. आपण शौकीन लोक टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. टाळी फुकट असते. वर्गणीला पैसे पडतात आणि वस्तादकीला आयुष्य लागते.

म्हणून अध्यक्षमहाराज, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी एक नम्र सूचना आहे. मंडळाच्या शिल्लक निधीतून दरवर्षी एका होतकरू मल्लाच्या खुराकाचा खर्च उचलावा. तो मुलगा असो वा मुलगी, घरी मराठी बोलणारा असो वा छत्तीसगढी. अट एकच, की तो याच मातीत मेहनत करणारा असावा. कार्यकारिणीने हे मान्य केल्यास पहिल्या वर्षाच्या वर्गणीची पावती माझ्या नावाने फाडावी. घर गहाण ठेवण्याची माझी योग्यता नाही. माझ्या निवृत्तिवेतनाला झेपेल तेवढा भार मी जन्मभर उचलीन.