रेणूंचे गाणे



आपल्या धाराशिव जिल्ह्याला गाण्याची आवड जुनी आहे. तुळजापूरला भवानीचा गोंधळ उभा राहतो. संबळ कडाडतो, तुणतुणे बोलते, आणि थकल्या पायांनाही बळ येते. जात्यावर ओवी म्हटली की दळण जड वाटत नाही. गाण्याचा मनावर परिणाम होतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण आता शास्त्रज्ञ रेणूंचेही गाणे करतात. ते कसे, हे आज आपण पाहू.

साखरेचा खडा फोडत फोडत गेलो, तर साखरेचा जो सर्वांत बारीक कण उरेल, तो साखरेचा रेणू. तो डोळ्यांना दिसत नाही.

डाळीत, दुधात, अंड्यात प्रथिने असतात. आपल्या अंगातही असतात. प्रथिनाचा रेणू माळेसारखा असतो. या माळेत 20 प्रकारचे मणी येतात. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. मण्यांचा क्रम बदलला की प्रथिन बदलते. आता एकेका मण्याला एकेक सूर द्या. मणी ओढत जा, सूर वाजवत जा. झाली चाल तयार!

2020 साली अमेरिकेतील मार्कस ब्युलर या शास्त्रज्ञाने करोनाच्या विषाणूवरील एका प्रथिनाचे संगीत केले. प्रथिनाची घडण कानांनीही समजून घ्यावी, हा त्यात हेतू होता. यात वावगे काहीच नाही.

फ्रान्सचे जोएल स्टर्नहायमर यांचे म्हणणे मात्र निराळे होते. प्रथिनाची चाल ऐकवली की सजीवांच्या अंगात ते प्रथिन जास्त तयार होते, असे ते म्हणत. 1992 साली त्यांनी या रीतीच्या पेटंटसाठी अर्जही केला. पण पेटंट म्हणजे पुरावा नव्हे. शास्त्राच्या कसोटीवर हे म्हणणे सिद्ध झालेले नाही.

इथेच सावध राहायचे. इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. त्याच्या दोन माळा असतात. एक 21 मण्यांची, दुसरी 30 मण्यांची. एकूण मणी 51. हा क्रम इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगर यांनी शोधला. त्यांना 1958 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या क्रमाची चाल सहज करता येईल. मग कोणी विचारील, "ती ऐकली की साखर उतरंल का हो?"

नाही उतरणार. आपण आता अक्षरे शिकलो आहोत. 'भाकर' हा शब्द मोठ्याने वाचला, म्हणून पोट भरते का? चाल म्हणजे इन्सुलिनचे नाव. ते इन्सुलिन नव्हे. ज्याला डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले आहे, त्याने सुई सोडून गाणे धरले, तर जिवावर बेतेल.

साप चावला तरी तेच. मंत्र म्हणून विष उतरत नाही. सापाच्या विषावरची लस दवाखान्यात मिळते. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे, हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. गाणे जरूर ऐका. मन हलके होईल, दुखणे सोसायला धीर येईल. पण कोणी गाण्याची बाटली करून औषध म्हणून विकू लागला, तर त्याला विचारा, "पुरावा कुठं आहे?" आणि आपले औषध वेळच्या वेळी घ्या.