मेल्टनचे शिकारी घोडे

इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यात मेल्टन मोब्रे नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात नोव्हेंबर लागला, की तिथले तबेले भरून जायचे. क्वॉर्न, बीव्हर आणि कॉट्समोर, कोल्ह्याच्या शिकारीसाठी गाजलेले तिन्ही मुलूख जवळच! बडे शौकीन दहा-दहा घोडे बाळगत.

इतके कशाला? नुसता तोरा म्हणून नव्हे. चिखलातून, कुंपणांवरून दौडलेल्या घोड्याला काही दिवस विसावा द्यावाच लागे. शिवाय एका दिवसाला दोन घोडे लागत. दुसरा घोडा मोतद्दार सावकाश घेऊन येई आणि दुपारी मालक त्यावर स्वार होई.

खरी मेहनत तबेल्यात. थंडीत वाढलेले केस घामाने भिजले, की लवकर वाळत नाहीत आणि जनावर गारठतं. म्हणून अंगावरचे केस कातरतात. पायांवरचे मात्र काट्यांपासून बचावासाठी राखतात, खोगिराखालचेही तसेच. कातरलेल्या घोड्याला झूल हवीच. ओला चिखल पायांना चिकटून राहिला तर कातडीला भेगा आणि खपल्या पडतात, म्हणून रोज पाय तपासायचे.

सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करणं हा जुन्या मोतद्दारांचा नियम. बसून पोटभर ओट खाल्लेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी पळवलं, तर त्याचे स्नायू आखडतात, कधी पाऊलही उचलत नाही.

कुत्र्यांकरवी कोल्हा मारण्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये फेब्रुवारी 2005 पासून बंदी आली. त्यानंतर अनेक मंडळी आधी पसरून ठेवलेल्या वासामागे कुत्रे सोडू लागली. त्यावरूनही वाद आहेतच. घोड्यांचा खरारा मात्र चुकलेला नाही.