देहाची अंगभूत प्रतिजैविके

शस्त्रक्रिया केलेला बेडूक जंतूंनी भरलेल्या पाण्यात सोडला, तर त्याची जखम चिघळेल असेच कोणालाही वाटेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मायकेल झास्लॉफ यांना मात्र निराळा अनुभव आला. संशोधनासाठी अंडी मिळावीत म्हणून ते आफ्रिकी बेडकांवर शस्त्रक्रिया करीत. टाकीतील पाणी निर्जंतुक नव्हते. तरीही जखमा भरून येत. याचे कारण शोधताना त्यांना बेडकाच्या कातडीत जंतुनाशक पेप्टाइडे आढळली. ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांनी त्यांना ‘मॅगेनिन’ हे नाव दिले. हा शोध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. मानवी देहही या शस्त्रांना पारखा नाही. त्याच्या श्वेतपेशींतील ‘डिफेन्सिने’ १९८५ मध्येच ओळखली गेली होती. पुढे एलएल-३७ हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड सापडले. ते श्वेतपेशींप्रमाणेच त्वचेतही निर्माण होते. अशा बहुतेक पेप्टाइडांवर धन विद्युत्‌भार असतो. जीवाणूचे पटल ऋणभारित असल्यामुळे ती त्याकडे ओढली जातात, त्यात शिरतात आणि त्याला भोके पाडतात. मानवी पेशीच्या पटलाची बाहेरील बाजू बहुतांशी भाररहित असते. म्हणून ती सहसा बचावते.

हे रक्षण प्रमाणावर अवलंबून असते. त्वचेचे दोन विकार शेजारी ठेवले की ही गोष्ट स्पष्ट होते. ॲलर्जीच्या प्रकृतीतून उद्भवणाऱ्या इसबात ही पेप्टाइडे पुरेशी तयार होत नाहीत, आणि स्टॅफिलोकॉकस जीवाणू त्या त्वचेत सहज ठाण मांडतात. सोरायसिसमध्ये ती विपुल असतात. त्यामुळे त्वचा सोलवटलेली असूनही तिला जंतुसंसर्ग क्वचितच होतो. परंतु २००७ मध्ये असे दिसून आले, की तेथे एलएल-३७ हे मृत पेशींतून सुटलेल्या डीएनएला चिकटते. प्रतिकारयंत्रणा त्या जोडीला विषाणू समजते आणि स्वतःच्याच देहात दाह पेटविते. एकीकडे रक्षक उणा पडतो, तर दुसरीकडे तोच रोगाला खतपाणी घालतो.

मॅगेनिनपासून मधुमेहींच्या पायावरील व्रणांसाठी मलम तयार झाले. पण १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली नाही. निसर्गाची ढाल उचलून औषधाच्या बाटलीत भरणे सोपे नाही. देह ही पेप्टाइडे योग्य जागी, योग्य वेळी आणि बेताने वापरतो. तो बेत समजून घेणे, हेच वैद्यकापुढील खरे काम आहे.