गोळी सोडू नका, वजनाबद्दल बोला

(वाई येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वाई हे शब्दांचं गाव आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथे उभं केलं आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. पण याच गावात, आपल्या घरांमध्ये, एका आजाराला अजून धड शब्द नाही. कुणी 'टेन्शन' म्हणतं, कुणी 'दिल नहीं लगता' म्हणतं, कुणी 'नजर लागली' म्हणतं. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. तुमच्यापैकी काहींच्या घरात तो आजार आहे, काहींना स्वतःला आहे, हे मी समुपदेशनाच्या कामामुळे खात्रीनं सांगू शकते.

आज मी एका छोट्या दिसणाऱ्या अडचणीबद्दल बोलणार आहे. नैराश्याची गोळी सुरू होते, झोप लागते, रडू थांबतं, माणूस कामाला लागतो. आणि त्याच गोळीनं भूक वाढते. दोन-तीन महिन्यांत कपडे घट्ट होतात. शेजारची खाला म्हणते, "बेटी, किती सुटलीस गं!" घरात स्थळांची चर्चा चालू असते. मुलगा असेल तर मित्र 'ढोल' म्हणून हाक मारतात. मग एके दिवशी, कुणालाही न सांगता, गोळी बंद होते. वजन कमी व्हावं म्हणून सोडलेली गोळी पुढे काय करते, ते मी पाहिलेलं आहे. काही दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार परत येतो. कधी पहिल्यापेक्षा जोरात. काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. म्हणून ही अडचण छोटी नाही.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ही वाढलेली भूक म्हणजे तुमचा हावरटपणा नाही. मिर्टाझापिन नावाचं औषध घ्या. झोप न येणाऱ्या, जेवण सुटलेल्या रुग्णाला ते बऱ्याचदा देतात. मेंदूत हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही रसायनं झोप आणि भूक यांवर नियंत्रण ठेवतात. ती ज्या ठिकाणी काम करतात, त्यांपैकी काही ठिकाणं हे औषध अडवतं. त्यामुळे झोप येते, आणि पोट भरल्याची सूचना उशिरा आणि कमी पोचते. अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत मिर्टाझापिन घेणाऱ्या १७ टक्के लोकांनी भूक वाढल्याचं सांगितलं. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २ टक्के होतं. मिर्टाझापिन घेणाऱ्यांपैकी ७.५ टक्के लोकांचं वजन सात टक्क्यांहून जास्त वाढलं, नुसती गोळी घेणाऱ्यांत तसं कुणाचंच झालं नाही. म्हणजे हा औषधाचा परिणाम आहे. पण आकडा पुन्हा बघा, सगळ्यांचं वजन वाढत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे जुनं, स्वस्त औषधही भूक वाढवतं, आणि ते अर्धशिशीसाठी किंवा अंगदुखीसाठीही दिलं जातं. तेव्हा आपण कोणती गोळी घेतो, तिचं नाव पाकिटावरून वाचून ठेवा. 'ती पांढरी गोळी' एवढी माहिती पुरत नाही.

वजन वाढणं कधी चांगलं?

इथून पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी लागते. तिथलं बेल-एअर हे एके काळी क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. त्या काळात क्षयाच्या रुग्णाचं वजन वाढू लागलं, की घरच्यांना हायसं वाटायचं. नैराश्यावरच्या औषधांचा इतिहासही क्षयरोग्यांपासूनच सुरू होतो. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयावर आयप्रोनियाझिड हे औषध देऊन पाहिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं उत्साही झाली, हसू-बोलू लागली, आणि जास्त जेवू लागली. पुढे काही वर्षांनी तेच औषध नैराश्यावर वापरलं गेलं. ते आता मागे पडलं आहे, पण सुरुवात तिथली.

हे सांगायचं कारण असं. नैराश्यात ज्याची भूक गेली, ज्याचं वजन सहा किलोनं उतरलं, त्याचे पहिले चार-पाच किलो परत येणं म्हणजे आजार ओसरत असल्याची खूण आहे. तो लठ्ठपणा नव्हे. म्हणून कालच्या वजनाशी तुलना करू नका, आजारी पडण्यापूर्वीच्या वजनाशी करा. त्याच्याही पुढे आकडा चढू लागला, तर मात्र लक्ष द्यायचं.

लक्ष का द्यायचं? लोक हसतात म्हणून नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात एक फोटो छापला. दोघंही त्यात शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानानं वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे आपली माणसं बारीक दिसत असली तरी आतून चरबी बाळगून असतात, आणि ती पोटाभोवती साठते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. तुमच्या घरात अब्बांना किंवा दादींना मधुमेह असेल, तर हे गोळी सुरू करतानाच डॉक्टरांच्या कानावर घाला.

डॉक्टरांकडे काय बोलायचं

गोळी सुरू व्हायच्या दिवशी वजन करा, कंबर मोजा, वहीत लिहा. मग आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. रोज नको, रोजच्या आकड्यानं मन खट्टू होतं. पहिल्याच महिन्यात ६० किलोच्या माणसाचं वजन तीन किलोनं वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. लाजू नका. "डॉक्टर, गोळीनं बरं वाटतंय, पण भूक आवरत नाही आणि वजन वाढतंय. काय करता येईल?" एवढं वाक्य पाठ करा.

करण्यासारखं बरंच असतं. डॉक्टर मात्रा तपासतात. थायरॉइड, साखर, मुलींमध्ये पीसीओएस अशी दुसरी कारणं बघतात. गरज पडली तर औषध बदलतात, पण हळूहळू, एक कमी करत दुसरं वाढवत. सगळी औषधं सारखी नसतात. २०२४ साली अमेरिकेत १ लाख ८३ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास झाला. सर्ट्रालिनच्या तुलनेत एसिटालोप्रामनं सहा महिन्यांत जेमतेम ४०० ग्रॅम जास्त वजन वाढलेलं दिसलं, आणि ब्युप्रोपिऑननं सुमारे २०० ग्रॅम कमी. हे आकडे ऐकून मेडिकलवाल्याकडे जाऊन गोळी बदलून मागू नका. ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्याला चालत नाही, फ्लुऑक्सेटिननं काहींची झोप उडते. निवड डॉक्टरांची, पण प्रश्न विचारण्याचा हक्क तुमचा.

आणखी एक. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये या औषधांच्या पहिल्या काही आठवड्यांत, किंवा मात्रा बदलताना, बेचैनी आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्या दिवसांत घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.

घरात काय करायचं

पहिलं उद्दिष्ट वजन उतरवणं नाही, चढणं थांबवणं. ते महिनाभर जमलं की मग सहा महिन्यांत पाच टक्के कमी करायचं ठरवा. ७० किलो असाल तर साडेतीन किलो. एवढ्यानंही साखर आणि रक्तदाब यांवर फरक पडतो.

मिर्टाझापिनसारखी गोळी रात्री घेतात. तिची खरी परीक्षा रात्री दहानंतर असते, आणि तेव्हा मन गोड नि पिठूळ मागतं. खारी, टोस्ट, नानखटाई, बिस्किटाचा पुडा. त्या वेळी निर्धाराशी झुंजत बसण्यापेक्षा डबाच घरात आणू नका. जेवण उरकून गोळी घ्या, दात घासा, आडवे व्हा. भूक लागलीच तर काकडी, पेरू, मूठभर फुटाणे किंवा बिनसाखरेचं ताक हाताशी असू द्या.

दिवसा उपाशी राहू नका. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस रात्री दुप्पट खातो. न्याहारीला दोन उकडलेली अंडी किंवा मोड आलेली मटकी घेतली, तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. भाकरी खा, पण तिच्याबरोबर डाळ आणि भाजी भाकरीपेक्षा जास्त घ्या. मटण खायला हरकत नाही, वरची तर्री बाजूला काढा. तेलाच्या एका छोट्या चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात, आणि तर्रीत असे किती चमचे जातात ते अम्मीला विचारा. बिर्याणी आहे त्या दिवशी एकच ताट, आणि आधी वाटीभर कोशिंबीर. चहाचा हिशेब तर सगळ्यांत सोपा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी. दोनाचा एक चमचा करा, निम्मी साखर तिथेच कमी झाली.

चालणं हे तर दोन्हींवरचं औषध. आठवड्याला १५० मिनिटं जोरात चाललं, तर वजनाला मदत होते आणि नैराश्यही हलकं होतं. फजरनंतर घाटावरून एक फेरी किंवा मेणवलीच्या रस्त्यानं जाऊन परत. एकट्या मुलीला बाहेर सोडायला घरचे तयार होत नाहीत, मला माहीत आहे. मग तिघीचौघी मिळून जा. अम्मीलाही घेऊन जा, तिलाही गरज आहे. मोठ्या भावांनो, बहिणीच्या वजनावर टोमणा मारण्यापेक्षा तिच्याबरोबर अर्धा तास चाला.

काही गोष्टी मात्र करू नका. पंधरा दिवसांत दहा किलो उतरवणारी पावडर, मोबाइलवर मागवलेल्या गोळ्या, फक्त लिंबूपाण्यावर काढलेले दिवस, हे सगळं टाळा. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली आहेत. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाहीत.

रमजानचं विचाराल, कारण तो प्रश्न दरवर्षी येतो. बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदा घ्यायच्या असतात, त्यामुळे वेळ बसवता येते. पण रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. लिथियमसारखं औषध चालू असेल, तर पाणी कमी पडणं धोक्याचं ठरतं. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची मुभा कुरआनात, सूरह बकरामध्येच आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच. रोजे ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की इफ्तारच्या भज्यांवर आणि सरबतावर वजन महिनाभरात वाढतंसुद्धा.

शेवटी घरातल्या मोठ्यांसाठी. तुम्ही तरुणांनी हे त्यांना वाचून दाखवा. बरी होत असलेल्या मुलीला तिच्या अंगावरून बोलू नका. ती सहा महिन्यांपूर्वी अंथरुणातून उठत नव्हती, आज जेवतेय. गोळी चालू आहे हे पाहुण्यांपासून लपवायचं की नाही हे तिला ठरवू द्या, पण 'लग्न ठरेपर्यंत बंद ठेव' असं कधीही म्हणू नका. गोळी बंद करायची वेळ येते, ती डॉक्टर ठरवतात आणि टप्प्याटप्प्यानं करतात.

कुणाशी बोलायला माणूस सापडत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक लिहून घ्या. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मानसोपचारासाठी जिल्हा रुग्णालय साताऱ्याला आहे, वाईहून एसटीनं जाऊन एका दिवसात परत येता येतं. तुमच्या ओळखीत कुणी 'वजन वाढतंय म्हणून गोळी सोडली' असं म्हणालं, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.