पदवी आणि सनद
(वैनगंगेकाठी कारधा, जि. भंडारा येथे भरलेल्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



आपली मुलेबाळे आता परदेशी नोकरीस जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईबापांस एवढे स्पष्ट करून सांगणे मला अवश्य वाटते की, पदवी माणसाबरोबर परदेशी जाते. सनद जात नाही.

बाबासाहेबांचेच पाहा. कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या व्यासंगावर त्यांना कोर्टात उभे राहता येत नव्हते. त्यासाठी 1916 साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले, 1922 साली ते बॅरिस्टर झाले; तरीही 1923 साली मुंबई हायकोर्टाची सनद काढावी लागलीच.

आज नर्सिंग शिकलेल्या आपल्या मुलीस इंग्लंडात हीच वाट आहे. तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या नोंदपटावर नाव चढल्याखेरीज तिला नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येत नाही. त्यापूर्वी इंग्रजी येत असल्याचा पुरावा, संगणकावरील परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा आहे. कॅनडात तर नोंदणी प्रांताप्रांताची वेगळी. म्हणून शेत गहाण टाकण्यापूर्वी नोंदणीच्या अटी त्या कौन्सिलकडूनच लेखी मिळवा. एजंटाची तोंडी ग्वाही कोर्टात सिद्ध करणे अवघड जाते!

कोणी विचारील, ही अडवणूक अन्याय नव्हे काय? ज्याच्या हाती रोग्याचा जीव द्यावयाचा त्याची परीक्षा घेणे हा अन्याय नव्हे. परंतु ज्ञान न पाहता माणूस कोठला, कोणाचा, एवढेच पाहून दार लावणे हा अन्याय होय. आणि तो कसा असतो हे आपणांस कोणी शिकवावयास नको. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वकिलीस नागरिकत्वाची अट होती. तेथे कायम वास्तव्यास आलेल्या, कायदा शिकलेल्या एका ब्रिटिश नागरिकाने तिला आव्हान दिले. 1989 साली कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ती अट समतेच्या हक्काविरुद्ध ठरविली.

आपल्याकडे 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचे कलम 24 परकीयास सनद मिळू देते, पण त्याच्या देशात लायक भारतीयांस वकिली करू दिली जात असेल तरच. हा देवघेवीचा न्याय मला अपुरा वाटतो. सरकारच्या धोरणाचा दंड उमेदवाराने का भरावा?

ज्यांचे अर्ज परदेशी फेटाळले गेले असतील त्यांनी कारण लेखी मागावे, आणि अपिलाची मुदत त्याच दिवशी विचारून घ्यावी.