अर्धा शिकलेला नियम

मालेगाव, भिवंडी किंवा मुंबईतल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत इंग्रजीच्या तासाला ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असा प्रश्न सहज कानावर पडतो. लाहोर-कराचीतही तो नवा नाही. मुलाच्या डोक्यातली उर्दूच इंग्रजीत उतरली, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे निदान अपुरं वाटतं. उर्दूत ‘आप कहाँ जा रहे हैं?’ असं विचारतात. ‘कहाँ’ आपल्या जागीच, कर्त्यानंतर राहतो. नुसती उर्दूच उतरली असती, तर मूल ‘यू आर गोइंग व्हेअर?’ असं काहीसं म्हणालं असतं. त्यानं तर ‘व्हेअर’ उचलून वाक्याच्या तोंडाशी आणला आहे. उर्दूत अनिवार्य नसलेली ही गोष्ट त्यानं इंग्रजीतून उचलली. राहिली आहे ती फक्त ‘यू’ आणि ‘आर’ यांची अदलाबदल. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, अशा लहान मुलांतही हा टप्पा दिसतो, हे भाषेचे अभ्यासक एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी १९६६ साली मांडलं. तीही काही काळ प्रश्नशब्द पुढे आणतात आणि सहायक क्रियापद कर्त्यानंतरच ठेवतात. तिथे तर उर्दूचा संबंधच नाही.

यावर कुणी म्हणेल, इंग्रज मूल पुढे सरकतं, उर्दूभाषक मात्र मोठेपणीही तिथेच का अडकतो? आक्षेप रास्त आहे, आणि मातृभाषेचा हात मला इथे दिसतो. उर्दूत ‘क्या’ पुढे लावला किंवा नुसता सूर चढवला, की विधानाचा प्रश्न होतो. बाकीचे शब्द हलत नाहीत. मराठीत आपणही शेवटी ‘का’ जोडतो आणि भागवतो. त्यामुळे जागा बदलून प्रश्न घडतो ही कल्पनाच अशा मुलाला परकी असते. त्यात भोवतालची मोठी माणसंही तशीच बोलतात आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळतोच. मग बदलण्याची निकड कुठून येणार? म्हणजे ही पायरी उर्दूनं निर्माण केलेली नाही, तिथला मुक्काम मात्र लांबवला आहे.

अदलाबदल जमली की नवीच चूक दिसते : ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही.’ उर्दूत असं काही नाही, प्रमाण इंग्रजीतही नाही. मुलानं नियम मिळवला आणि गरजेपेक्षा जास्त ताणला. भाषा शिकण्याच्या पायऱ्यांबद्दल भाषाशास्त्रज्ञ मानफ्रेड पिनेमान यांची जी मांडणी आहे, तिच्यात पोटवाक्यात अदलाबदल होत नाही हा फरक अगदी शेवटच्या पायरीवर येतो. अशा मुलाला पुन्हा पहिल्या धड्याकडे पाठवणं अन्यायाचं आहे. अदलाबदल कुठे करायची नाही, एवढंच त्याला सांगायचं उरलेलं असतं.